शर्यतीच्या कॅमेऱ्याची पारख

मोटारींच्या शर्यतींचा शौक एके काळीं संस्थानिकांचा आणि लक्षाधीशांचा समजला जात असे. आज तो शहरांतल्या मध्यम स्थितीच्या घरांतही शिरला आहे. कोल्हापूरच्या कार्टिंगच्या धांवपट्टीवर सुटींत गाडी पळवून आलेला मुलगा, किंवा मोटारसायकल घेऊन चेन्नईकडे सरावाला जाऊं लागलेली मुलगी घरांत असली, म्हणजे लवकरच एका नव्या मागणीचा उच्चार होतो : “एक ॲक्शन कॅमेरा हवा.” नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून वडील मंडळी क्षणभर स्तब्ध होतात, आणि मग “वापरलेला मिळतो, पुष्कळ स्वस्त मिळतो,” असा दुसरा प्रस्ताव पुढें येतो. दुसऱ्या एखाद्या घरांत नेमका याच्या उलट प्रसंग असतो. तेथें शौक ओसरलेला असतो, कॅमेरा कपाटांत धूळ खात पडलेला असतो, आणि त्याचे चार पैसे झाले तर बरें, असें घरच्यांना वाटत असतें. या दोन घरांची गांठ पडली म्हणजे जो व्यवहार होतो, तो दिसावयास लहान. परंतु त्यांत जाणून घेण्याजोगें पुष्कळ आहे.

ॲक्शन कॅमेरा म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. तळहातांत मावणारी, सुमारें दीडशें ग्रॅम वजनाची ही एक पेटी असते. तिचें भिंग विस्तृत दृश्य घेणारें असतें. माणसानें ती हातांत न धरतां वाहनाला जखडून टाकावी आणि तिनें आपल्या आपण चित्रण करीत राहावें, ही तिच्यामागील मूळ कल्पना. धांवत्या मोटारींतून शर्यत टिपण्याची हौस तशी जुनीच आहे. १९७० सालीं फ्रान्समधील ल मां येथें झालेल्या चोवीस तासांच्या शर्यतींत पोर्श ९०८ जातीची एक मोटार चित्रणाचे कॅमेरे घेऊन धांवली होती, आणि तिनें टिपलेलीं दृश्यें १९७१ सालच्या ‘ल मां’ या चित्रपटांत आलीं. त्या काळचे कॅमेरे इतके जड कीं त्यांचें ओझें वाहावयाला मोटारच हवी. शिवाय संपलेली फीत बदलण्यासाठीं त्या मोटारीला वारंवार थांबावें लागे. पुढें अमेरिकेंतील निक वुडमन यांनीं २००२ सालीं गोप्रो ही कंपनी काढली. तिचा पहिला कॅमेरा २००४ सालीं बाजारांत आला. तो समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या खेळाडूंनीं मनगटाला बांधावा असा होता, आणि त्यांत ३५ मिलिमीटरची साधी फीत घालावी लागे. २००६ सालीं त्याला डिजिटल रूप मिळालें. लाटांवरचें हें उपकरण मोटारींच्या धांवपट्टीवर येण्यास मग फारसा वेळ लागला नाहीं. आज डीजेआय, इन्स्टा ३६० इत्यादि कंपन्यांचेही असेच कॅमेरे मिळतात.

शर्यतीच्या खेळाडूला हा कॅमेरा केवळ मित्रांना दाखविण्यासाठीं लागतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. वळणाआधीं ब्रेक कोठें दाबला, गाडी वळणाच्या आंतल्या कडेला केव्हां लागली, बाहेर पडतांना हात किती वळलेले होते, हें चालकाला मागाहून नीट आठवत नाहीं. त्या वेळीं त्याचें सारें चित्त पुढल्या वळणाकडे लागलेलें असतें. घरीं येऊन तीच फेरी पडद्यावर पाहिली म्हणजे चूक डोळ्यांत भरते. ताशीं १८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ५० मीटर जाते. सेकंदाला ३० चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमध्यें ती सुमारें १६७ सेंटिमीटर पुढें सरकलेली असते. सेकंदाला ६० चित्रें घेतलीं तर हें अंतर ८३ सेंटिमीटरांवर येतें. म्हणजे हा कॅमेरा खेळाडूचा आरसा आहे, आणि अपघात होऊन वाद उपस्थित झाल्यास साक्षीदारही आहे.

आतां या आरशाची खरी किंमत कशांत आहे, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. आपल्या देशांत कायमच्या धांवपट्ट्या मोजक्याच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथील सुमारें ३.७ किलोमीटर लांबीची धांवपट्टी १९९० सालीं सुरू झाली. कोइमतूरची कारी धांवपट्टी २००३ सालची, २.१ किलोमीटर लांबीची. आणि दिल्लीजवळची बुद्ध धांवपट्टी २०११ सालची, ५.१२५ किलोमीटर लांबीची. पुण्याच्या तरुणाला चेन्नई गांठावयाची तर सुमारें बाराशें किलोमीटर प्रवास पडतो. रजा, प्रवासखर्च, प्रवेशशुल्क, टायर आणि पेट्रोल इतकें सारें करून धांवपट्टीवर सरावाचीं जीं सत्रें मिळतात, तीं बहुधा पंधरा-वीस मिनिटांचीं असतात. अशा सत्राच्या तिसऱ्या फेरींत कॅमेरा तापून बंद पडला, तर तो किती स्वस्त मिळाला होता याला कांहीं अर्थ उरत नाहीं. समारंभाचें छायाचित्र हुकलें तर माणसें पुन्हां उभीं करतां येतात. गेलेली फेरी कोणी परत आणूं शकत नाहीं. यास्तव वापरलेला कॅमेरा घेतांना पैसे मोजावयाचे ते त्याच्या रूपासाठीं नव्हेत, तर त्याच्या भरंवशासाठीं. आणि भरंवसा विकणाऱ्याच्या शब्दांनीं सिद्ध होत नाहीं, तो कसोटीनेंच सिद्ध होतो.

“दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें” ही म्हण या वस्तूला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या वस्तूला पडत असेल. एक कॅमेरा दोन सहलींना जाऊन आलेला असतो. दुसरा दोन हंगाम मोटारसायकलीच्या सांगाड्याला जखडलेला असतो. त्यानें इंजिनाची थरथर, पुढल्या चाकानें उडविलेले खडे, दुपारचें ऊन आणि रॅलीच्या कच्च्या रस्त्यावरची बारीक धूळ हें सर्व सोसलेलें असतें. पुसून टेबलावर ठेवले तर दोघेही सारखेच दिसतात. बाहेरच्या कवचावरचे ओरखडे हे तर फसवे असतात. ओरखडलेला कॅमेरा आंतून ठणठणीत असूं शकतो, आणि गुळगुळीत कॅमेऱ्याचें भिंग धक्क्यानें कलंडलेलें असूं शकतें.

कॅमेरा पाहावयास जाण्यापूर्वीं घरींच एक गोष्ट ठरवावी : कोणत्या पिढीचा कॅमेरा हवा. गोप्रोच्या कॅमेऱ्यांचें कुलनाम ‘हीरो’ असें आहे आणि त्यापुढें पिढीचा आंकडा असतो. आपल्याकडील मोटारसायकलींच्या कारखान्याशीं त्याचा संबंध नाहीं. २०१६ सालचा हीरो ५ ब्लॅक वेगळ्या पेटीवांचून दहा मीटर पाण्याखालीं चालूं शके, आणि उपग्रहांच्या साहाय्यानें आपलें स्थान ओळखणारी जीपीएसची सोयही त्यांत होती. २०१८ सालच्या हीरो ७ ब्लॅकमध्यें चित्राची थरथर काढून टाकण्याची प्रभावी योजना आली. २०१९ सालच्या हीरो ८ मध्यें भिंगावरची बाहेरची कांच वापरणाऱ्यास बदलतां येत नाहीं; म्हणून खड्यानें त्या कांचेला टवका गेला असेल, तर तेथेंच कॅमेऱ्याची बरीचशी किंमत संपली असें समजावें. २०२० सालच्या हीरो ९ पासून ती कांच पुन्हां बदलण्याजोगी झाली; त्यामुळें त्या पिढींत कांचेवरचा ओरखडा हा घासाघिशीचा मुद्दा आहे, नकाराचा नव्हे. हीरो ९ पासून हीरो १२ पर्यंत एकाच मापाची बॅटरी चालते. २०२४ सालच्या हीरो १३ ची बॅटरी मात्र निराळी आहे. ज्याच्यापाशीं जुन्या मापाच्या दोन-तीन बॅटऱ्या पडून आहेत, त्यानें हें विसरूं नये.

शर्यतीच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा भेद जीपीएसचा आहे. ही सोय असली म्हणजे चित्रणाबरोबर वेग आणि मार्ग यांचीही नोंद होते. सेकंदास दहा ते अठरा वेळां घेतलेल्या या नोंदींवरून, कोणत्या वळणावर वेग किती उतरला, हें चित्राच्या कोपऱ्यांत आंकड्यांनीं दाखवितां येतें. २०२३ सालच्या हीरो १२ मधून कंपनीनें ही सोय काढून टाकली आणि हीरो १३ मध्यें पुन्हां आणली. म्हणजे आंकडा मोठा तेवढा कॅमेरा सरस, हा सर्वसाधारण हिशेब येथें खोटा ठरतो. फेऱ्यांचा अभ्यास करूं इच्छिणाऱ्या खेळाडूला चांगल्या स्थितींतला हीरो १० हा हीरो १२ पेक्षां अधिक उपयोगी पडूं शकेल. विकणाऱ्यालाही हा भेद ठाऊक असला, म्हणजे तो आपल्या वस्तूला योग्य गिऱ्हाईक शोधूं शकतो.

थरथर घालविण्याच्या योजनेविषयींही एक गैरसमज आहे. कॅमेऱ्याच्या पोटांतील सूक्ष्म यंत्र त्याची हालचाल मोजतें, आणि त्या मानानें प्रत्येक चित्र सरकवून दृश्य स्थिर केलें जातें. परंतु कॅमेरा मोटारीच्या आंत बसविला असेल, तर तो मोटारीबरोबरच हलत असतो. अशा वेळीं योजना चालू ठेवली म्हणजे बाहेरचा रस्ता स्थिर दिसतो आणि मोटारीचा अंतर्भाग, सुकाणू व चालकाचे हात हेच डुचमळूं लागतात. हा दोष कॅमेऱ्याचा नव्हे. मोटारींत बसविलेल्या कॅमेऱ्याची ही योजना बंद केली म्हणजे चित्र पूर्ववत् होतें. केवळ असलें डुचमळणारें चित्र पाहून चांगला कॅमेरा नाकारूं नये. आणि विकणाऱ्यानेंही नमुन्याचें चित्रण दाखवितांना हें समजावून द्यावें.

आतां प्रत्यक्ष पाहणी. ती दिवसाउजेडीं व्हावी, आणि घेणाऱ्यानें आपलें स्वतःचें मेमरी कार्ड बरोबर न्यावें. कार्डाची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बाजारांत खोटीं कार्डें पुष्कळ आहेत. त्यांच्यावर मोठी धारणशक्ति छापलेली असते आणि आंत तिचा अंशही नसतो. उंची प्रतीच्या चित्रणांत सेकंदाला १०० मेगाबिट माहिती सांठते. या हिशेबानें एका तासाला सुमारें ४५ गिगाबाइट जागा लागते. ‘व्ही ३०’ अशी खूण असलेलें खात्रीच्या दुकानचें कार्ड या कामास पुरेसें होतें. विकणाऱ्यानें कॅमेऱ्याबरोबर फुकट देऊं केलेलें जुनें कार्ड हें बक्षीस समजूं नये.

पहिली परीक्षा ओळखीची. गोप्रोचा अनुक्रमांक बॅटरीच्या कप्प्यांत छापलेला असतो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरही पाहतां येतो. हे दोन्ही आंकडे, तसेंच खोक्यावरचा आणि मूळ पावतीवरचा आंकडा, एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें. दुसरी परीक्षा भिंगाची. कांचेवर तिरपा उजेड पाडला म्हणजे बारीक चरेही दिसतात. भिंगाच्या आंतल्या बाजूस धुकें किंवा धुळीचे कण असले, तर कवचांतून हवा व ओल आंत शिरते आहे असें समजावें. मग वर्तमानपत्राचें एक पान भिंतीला लावून पाऊण मीटरवरून त्याचें चित्रण करावें. विस्तृत भिंगामुळें कडा थोड्या वांकलेल्या दिसतील, तें स्वाभाविक आहे. परंतु डावीकडचीं अक्षरें स्पष्ट आणि उजवीकडचीं पुसट, असें आढळलें तर कॅमेरा केव्हां तरी जोरानें आपटलेला आहे. नंतर भिंगावर काळें फडकें टांकून मिनिटभर चित्रण करावें. काळोखांत एकाच जागीं चमकत राहणारे ठिपके दिसले तर आंतला प्रकाशग्राहक पट्ट जागोजागीं निकामी झाला आहे.

तिसरी परीक्षा दाराची आणि बॅटरीची. बाजूचें छोटें दार घट्ट बसलें पाहिजे, त्याच्या कडेचें रबर अखंड असलें पाहिजे आणि त्यांत वाळू अडकलेली असतां कामा नये. हें दार किंवा रबर खराब असलें तर “पाण्यांत चालतो” या विधानाला कांहीं किंमत नाहीं. पावसाळ्यांतील रॅलीला असा कॅमेरा नेणें व्यर्थ होय. बॅटरी कप्प्यांतून सहज निघाली पाहिजे. ती अडकत असेल, किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर डुलत असेल, तर ती फुगलेली आहे. फुगलेली लिथियम बॅटरी ही कमी टिकणारी वस्तु नव्हे, तर आगीचें भय असलेली वस्तु आहे. ती चार्ज करूं नये, टोंचूं नये आणि घरच्या केरांत टाकूं नये. ई-कचरा घेणाऱ्यांच्या स्वाधीन करावी.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेक लोक घाईमुळें टाळतात. बॅटरी पूर्ण भरून, खेळाडू ज्या प्रतीचें चित्रण धांवपट्टीवर करणार त्याच प्रतीवर, कॅमेरा अर्धा तास सलग चालूं द्यावा. चित्रण करतांना हें यंत्र आंतून बरेंच तापतें. चालत्या वाहनावर त्याला वारा लागतो; घरांत वारा नसल्यामुळें तें लवकर तापतें, म्हणून पंख्याखालीं बसून ही परीक्षा घेतल्यास अन्याय होणार नाहीं. चांगल्या स्थितींतली बॅटरी अशा चित्रणास साधारण तासाभराच्या आसपास पुरते. अर्ध्या तासांत ती संपत आली, तर बॅटरी थकली आहे आणि ती नवी घ्यावी लागेल. परंतु बॅटरी शिल्लक असतांना कॅमेराच गोठला, किंवा फाइल अर्धवट राहून उघडेनाशी झाली, तर दोष अधिक खोल आहे. या अर्ध्या तासांत टाळी वाजवून आणि बोलून आवाजही तपासतां येतो. शेवटीं तें चित्रण कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर न पाहतां संगणकावर पाहावें. चहाचा एक कप पिण्यास लागणारा हा वेळ जो विकणारा देत नाहीं, त्याच्याकडून वस्तु न घेणें हेंच शहाणपणाचें.

यानंतर माऊंटचा विचार. कॅमेरा वाहनाला ज्या साधनानें बसवितात, त्याला माऊंट म्हणतात. वापरलेल्या कॅमेऱ्याबरोबर अशा माऊंटांची एक पिशवीच बहुधा मिळते, आणि घेणाऱ्याला ती लाभ वाटते. येथें मात्र थोडें थांबावें. क्रिकेटचा चेंडू सुमारें १६० ग्रॅमचा असतो; ॲक्शन कॅमेराही जवळजवळ तेवढाच. ताशीं १४४ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीवरून कॅमेरा सुटला, तर तो वेगवान गोलंदाजाच्या चेंडूइतक्याच जोरानें सुटतो. फरक एवढाच कीं त्याला कोपरे असतात आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या हातांत बॅट नसते. प्लॅस्टिकचे जोड उन्हानें आणि थरथरीनें ठिसूळ होतात, आणि चिकटपट्टीचा माऊंट एकदां उखडल्यावर पुन्हां विश्वासानें चिकटत नाहीं. म्हणून कॅमेरा जुना घ्यावा, पण त्याचा माऊंट नवा घ्यावा. आणि माऊंट निखळला तरी कॅमेरा उडून जाऊं नये यासाठीं त्याला बळकट दोरीचा दुसरा बंध घालावा. शर्यतीच्या दिवशीं तांत्रिक तपासनिसांना तो दाखवून त्यांची संमति घ्यावी. हेल्मेटवर कॅमेरा लावण्याचा मोह तर टाळावाच. हेल्मेट हें डोकें वांचविण्यासाठीं असतें, तें कॅमेऱ्याची बैठक नव्हे.

किमतीचा विचार शेवटींच करणें योग्य. कॅमेरा प्रथम केवढ्याला घेतला होता, हें विकणारा वारंवार सांगतो. परंतु त्या आंकड्याचा आजच्या किमतीशीं फारसा संबंध नसतो. नवी पिढी आली कीं मागील पिढीचे नवे कॅमेरेही उतरत्या भावानें मिळूं लागतात. खरा हिशेब असा करावा. समजा, त्याच तोडीचा नवा कॅमेरा आज दुकानांत ३०,००० रुपयांस मिळतो आणि वापरलेल्याची मागणी १८,००० रुपयांची आहे. वरवर पाहतां बचत १२,००० रुपयांची. आतां समजा बॅटरी नवी हवी, भिंगाची कांच बदलावयास हवी आणि माऊंट नवा हवा; या तिन्हींना मिळून ५,००० रुपये लागले, तर खरी बचत ७,००० रुपयांचीच. नव्या वस्तूबरोबर मिळणारी हमी ७,००० रुपयांसाठीं सोडावयाची काय, असा प्रश्न घरांत विचारावा. कधीं उत्तर “होय” येईल, कधीं “नाहीं” येईल. पण प्रश्न न विचारतां केलेली घासाघीस ही नुसती करमणूक होय.

कायद्याची बाजूही थोडक्यांत जाणून घेणें जरूर आहे. १९३० सालच्या माल-विक्री अधिनियमाच्या सोळाव्या कलमाचा आशय असा, कीं मालाच्या गुणाबद्दल अध्याहृत हमी कांहीं ठराविक प्रसंगींच मानली जाते. एका गृहस्थानें दुसऱ्याला आपली वापरलेली वस्तु विकली, तर पारख करण्याची जबाबदारी बहुतांशीं घेणाऱ्यावरच राहते. त्याच अधिनियमाच्या सत्ताविसाव्या कलमानें, जो वस्तूचा मालक नाहीं त्याच्याकडून घेणाऱ्यास सामान्यतः मालकी मिळत नाहीं. म्हणजे कॅमेरा चोरीचा निघाला, तर पैसेही गेले आणि वस्तुही गेली. इतकेंच नव्हे, तर चोरीचा आहे हें ठाऊक असून, किंवा तसें मानण्यास कारण असून, अप्रामाणिकपणें माल घेणें हा भारतीय न्याय संहिता, २०२३ हिच्या ३१७ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. म्हणून अनुक्रमांक जुळविणें ही नुसती औपचारिकता नव्हे. दोघांचीं नांवें, तारीख, अनुक्रमांक, किंमत आणि सांगितलेले दोष लिहिलेला सहीचा एक कागद दोन्ही पक्षांना उपयोगी पडतो.

पैशाच्या देवघेवींत विकणाराच अधिक वेळां फसतो. मोबाइलवरून पैसे येण्यासाठीं गुप्त पिन द्यावा लागत नाहीं. पिन लागतो तो केवळ पैसे देण्यासाठीं. “हें चिन्ह स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील,” असें सांगणारा मनुष्य गिऱ्हाईक नव्हे, भामटा होय. पैसे जमा झाल्याचें गिऱ्हाइकाच्या पडद्यावर दिसलें म्हणून वस्तु देऊं नये. आपल्या खात्यांत ते आले आहेत हें स्वतः पाहावें. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकाच्या राष्ट्रीय साहाय्यवाहिनीवर विलंब न लावतां कळवावें. अधिनियमाचें साल आणि हा क्रमांक एकच आहे, त्यामुळें तो लक्षांत ठेवण्यास सोपा आहे.

विकणाऱ्या घरानें आणखी एक काळजी घ्यावयाची असते, आणि तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष होतें. जीपीएस असलेल्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रणांत स्थानाची नोंद असते. खेळाडूनें घराच्या फाटकापाशीं कॅमेरा सुरू करून पाहिला असेल, तर त्याच्या घराचा ठावठिकाणा त्या फायलींत राहतो. कार्डावरील चित्रण नुसतें पुसल्यानें तें खरोखर नष्ट होत नाहीं. साध्या साधनांनीं तें पुष्कळदां परत मिळवितां येतें. म्हणून कॅमेरा विकावा, पण कार्ड स्वतःपाशीं ठेवावें. कॅमेऱ्याची मोबाइलशीं असलेली जोडणी तोडावी, कंपनीच्या खात्यांतून त्याचें नांव काढावें, आणि त्याला कारखान्यांतून आला त्या स्थितीवर न्यावें. हें केल्यानें नव्या मालकालाही तो आपल्या नांवें जोडण्यास अडचण पडत नाहीं.

आणि शेवटीं सत्य सांगण्याचा प्रश्न. “शर्यतींत कधींच वापरला नाहीं,” हें वाक्य या बाजारांत इतक्या वेळां उच्चारलें जातें, कीं त्यावरचा विश्वास उडून गेला आहे. त्यापेक्षां “दोन हंगाम वापरला, एकदां पडला, कांच बदलली, त्यानंतरचें हें अर्ध्या तासाचें चित्रण,” असें सांगणाऱ्या विकणाऱ्याला घेणारा दोन पैसे अधिक देण्यास मागेंपुढें पाहत नाहीं. कारण त्याला वस्तूबरोबर तिचा इतिहासही मिळतो. पडल्याचें लपविलेला कॅमेरा विकला जातो हें खरें. परंतु तो निकामी ठरतो तो बाराशें किलोमीटर दूर, अशा एका मुलाच्या वा मुलीच्या हातीं, कीं जिनें त्या पंधरा मिनिटांसाठीं वर्षभर पैसे सांठविलेले असतात. हें चित्र डोळ्यांपुढें ठेवून ज्यानें आपला जुना कॅमेरा दुसऱ्याच्या हातीं दिला, आणि अर्ध्या तासाची कसोटी घेतल्यावांचून ज्यानें तो घेतला नाहीं, त्या दोघांचाही व्यवहार चोख झाला असें म्हणावयास हरकत नाहीं.